पाचव्या अंकाच्या शेवटी

मी ज्या नाटकाचा अभ्यास करत होतो ते विनोदी आहे, हे मला सहा आठवड्यांनी कळलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला राणी एलिझाबेथच्या काळातलं, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचं, एक इंग्रजी नाटक लावलेलं होतं. वर्ध्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याचं गाईड निम्म्या किमतीत मिळालं म्हणून मी खूश होतो. कव्हर आमच्या नाटकाचं होतं. आतली पानं मात्र भलत्याच एका शोकांतिकेची निघाली. कुण्या बाइंडरने डिंक लावताना घोळ घातला आणि मी ती पानं इमानेइतबारे पाठ केली. सहा आठवडे आमच्या घरी रोज कुणी ना कुणी मरत होतं. माय भाकरी थापता थापता विचारायची, "आज कोन गेलं रे?" आणि मी नाव सांगितलं की "अरेरे" म्हणून पुढची भाकर घ्यायची. मग एक दिवस वर्गात सरांनी मला उभं करून नायिकेविषयी मत विचारलं. मी खाली मान घालून, आवाज जड करून सांगितलं की तिने विष घ्यायला नको होतं. सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. "अरे, तिचं तर शेवटी लग्न होतं," ते म्हणाले. मागच्या बाकावरून कोणीतरी बोललं, "सर, माहा बाप म्हणते, लगन अन् जहर एकच गोठ हाय." वर्ग हसला. मीही हसलो, पण मला कशावर हसायचं ते नीट कळलेलं नव्हतं. नाटकाचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. त्या लेखकाने माझं काही वाईट केलेलं नाही, आणि मी त्याच्या नाटकाचं पुढे काय केलं ते आता सांगणारच आहे.

आम्ही वर्ध्याजवळच्या आंजीचे. मोठी आंजी. घरी कापूस, तूर, दोन म्हशी आणि बाबूजींचा कान. बाबूजी, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्या गुरुजींनी पोरांकडून पाढे मोठ्याने म्हणवून घेतले होते, त्यामुळे अभ्यास म्हणजे आवाज, ही त्यांची पक्की समजूत होती. मनातल्या मनात वाचणं त्यांना झोपेचाच एक प्रकार वाटायचा. मी घरापुढच्या छपरीत बसून वाचायचो, ते गोठ्यात असायचे. माझा आवाज थांबला की तिकडून हाक यायची, "काऊन रे दिन्या, बंद पडला?" विहिरीवरची मोटर बंद पडल्यावर गड्याला विचारायचे अगदी त्याच सुरात. दिवाळीनंतर मधल्या खोलीत वेचलेला कापूस छतापर्यंत भरलेला असायचा. त्या ढिगावर पाठ टेकली की जगातली कुठली गादी आठवत नाही. मी एकदा पुस्तक घेऊन तिथे जाऊन बसलो तर बाबूजींनी पाच मिनिटांत बाहेर काढलं. "कापूस आवाज पेते," ते म्हणाले. "तिथं बसून तू वाचून राह्यला का घोरून राह्यला, मले काय समजते?" दुपारी ते वावरात जायचे तेव्हा हे ऐकण्याचं काम त्यांनी शेजारच्या वच्छलाकाकूकडे सोपवलं होतं. तिच्या आणि आमच्या अंगणामध्ये तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं, कूड होतं. तुराट्यांतून वारा जातो, मांजर जातं, आवाज तर जातोच. संध्याकाळी बाबूजी पाय धुताना कुडाकडे तोंड करून विचारायचे, "वाचलं का पोट्ट्यानं?" आणि काकू पलीकडून हजेरी द्यायची, "तीन वाजेपर्यंत वाचलं भाऊ. मंग एकदम चूप. तहान लागली असन."

खरं गाईड आलं, शोक संपला आणि घरात नाटक सुरू झालं. सरांनी आम्हाला नाटकाआधी शब्दांची एक लांबलचक यादी उतरवून दिली होती. सॉलिलोक्वी म्हणजे पात्र एकटंच आपल्याशी मोठ्याने बोलतं ते, स्वगत. असाइड म्हणजे रंगमंचावर चार माणसं उभी असताना एक जण असं बोलतो की प्रेक्षकांना ऐकू जातं आणि शेजारच्याला जात नाही. डिस्गाइज म्हणजे वेषांतर. ड्रॅमॅटिक आयरनी म्हणजे प्रेक्षकांना जे माहीत आहे ते पात्राला माहीत नसणं. मी हे सगळं मंत्रासारखं घोकत होतो. एका दुपारी ताई तुरीच्या शेंगा फोडत जवळ बसली होती. कुसुमताई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दहावीला ती शाळेत पहिली आली होती आणि नंतर घरी बसली, कारण पोरीनं रोज एसटीने वर्ध्याला जाणं बाबूजींना नको होतं. दोन वर्षांनी तीच एसटी मला चालली. तेव्हा मला यात काही खटकलं नाही. आता खटकतं, पण आता खटकून त्या एसटीला ब्रेक लागत नाही. तर ताईनं शेंग फोडता फोडता विचारलं, "असाइड म्हंजे काय रे?" मी गाईडमधली व्याख्या दोनदा म्हणून दाखवली. ती म्हणाली, "म्हंजे मायवानी. माय चुलीपाशी दिवसभर तेच तं बोलते. साऱ्या घराले आयकू येते, एका बाबूजीले सोडून." आतून माय काहीतरी पुटपुटली. आम्हा दोघांना ते स्पष्ट ऐकू आलं.

मग हे रोजचंच झालं. त्या जुन्या इंग्रजीत 'तू'साठी वेगळा शब्द होता आणि 'तुम्ही'साठी वेगळा, आणि पात्रं कधी एक वापरायची, कधी दुसरा. मला ते निव्वळ छापखान्याचे घोळ वाटले होते. ताईला नायिकेच्या ओळींचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "पाह्य ना, ते नोकर बनून त्याले 'तुमी, तुमी' म्हणते अन् एकटी असली का 'तू' म्हणते. तिचं मन बसलं त्याच्यावर. तुह्या सरानं नाई सांगतलं काय?" सरांनी सांगितलं होतं, पण मी तेव्हा समास आखत होतो. नाटकाची गोष्ट तशी साधी होती. एका गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न तिला न विचारता ठरतं. ती भावाचे कपडे घालून घरातून निघते आणि ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याच्याच घरी नोकर म्हणून राहते, माणूस आहे कसा ते पाहायला. मी एका वहीत त्याचं आमच्या बोलीत भाषांतर करत गेलो. मला बाईच्या जागा वाचताना लाज वाटायची, म्हणून त्या ताई वाचू लागली. बाबूजींना यातलं काही माहीत नव्हतं. लग्न ठरत आलेल्या पोरीच्या हातात पुस्तक दिसलं की ते म्हणायचे, "ठेव ते. सासरचे म्हणतीन मास्तरीण धाडली."

ताईचं जमत आलं होतं ते पिपरी मेघेला. मुलगा प्रभाकर, तहसील कचेरीत क्लार्क. त्याची आई लहानपणीच गेलेली. त्याला वाढवलं त्याच्या विधवा आत्यानं, त्यामुळे त्या घरात शब्द चालायचा तो आत्याबाईंचा. (या आत्याबाई पुढे माझ्या सासूबाई झाल्या. पण तेव्हा मला हे कोणी सांगितलं असतं तर मी गोठ्यात जाऊन लपलो असतो.) ताईला हे स्थळ हवं होतं आणि त्याचं कारण तिनं फक्त मला सांगितलं होतं. पिपरी मेघे वर्ध्याला लागून. तिथून सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून बारावीला बसता येतं. "बोलणीच्या वक्ती तू इचारजो," ती म्हणाली होती. "लग्नानंतर पोरीले बारावीले बसू द्याल काय, एवढंच. पोरीनं इचारलं तं चालू म्हणते, भावानं इचारलं तं काळजी म्हणते." मी तोंडात उकडलेल्या शेंगा असताना हो म्हटलं. बोलणीच्या दिवशी दहा माणसं बसली होती, मीही होतो. देण्याघेण्याचं झालं, मंडपाचं झालं, जेवणात वांग्याची भाजी की आलूवांगं यावर अर्धा तास झाला. बाबूजी माझ्या शेजारी होते. प्रश्न माझ्या घशापर्यंत तीनदा आला आणि तीनदा मी पाणी प्यायलो. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली आणि माणसं उठली. ताईनं आतल्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. नाटक मात्र रोज वाचत होती.

साक्षगंध आठ दिवसांवर आलं आणि आम्ही दुसऱ्या अंकाच्या शेवटी आलो. भर दुपार. बाबूजी वावरात, माय दळणाला गेलेली. ताई उभी राहून वाचत होती, तिला उभं राहूनच वाचायला आवडायचं: "आता थांबाचं नाई. पहाटे भावाचे कपडे घालतो अन् निघतो. बापाले उठाच्या आंधी गाव सोडतो. हे लगन मले न इचारता ठरलं, मी याले हो म्हटलंच नाई!" तिनं शेवटचं वाक्य अशा काही ठसक्यानं म्हटलं की मी टाळी वाजवली. कुडापलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं मांजर.

यात वच्छलाकाकूचा दोष मी आजही मानत नाही. तिला ऐकायला बाबूजींनीच बसवलं होतं. पोरगा इंग्रजी वाचतो, असं तिला सांगितलेलं. म्हणजे इंग्रजी आलं की तो अभ्यास आणि आपल्या बोलीत आलं की ते घरचं बोलणं, हा तिचा हिशेब चुकीचा कसा म्हणायचा? ती हे बाबूजींच्या तोंडावर सांगायला धजली नाही. दोन दिवसांनी ती वर्ध्याला नात्यातल्या एका बारशाला गेली, तिथे पिपरी मेघेची कोणी भेटली, आणि तिनं फार काळजीने, अगदी हळू आवाजात सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने त्यांचा माणूस आला. पाणीसुद्धा प्यायला नाही. "आत्याबाईनं सांगतलं, उद्या आमी येतो. तवापर्यंत साक्षगंधाची तयारी थांबवजा." बाबूजींनी विचारलं काय झालं, तर तो ताईकडे न पाहता म्हणाला, "ते तुमच्या पोरीलेच इचारा. कोन्त्या पहाटे निघून राह्यली मनाव." आणि परतीच्या बससाठी निघून गेला.

बाबूजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. छपरीतल्या खांबाला पाठ लावून बसले आणि म्हणाले, "कुसुम, कोन हाय?" ताई म्हणाली, "कोनी नाई." "मंग निघनार कोनासंगं होती?" "कोनासंगं नाई. दिन्याच्या पुस्तकातली पोरगी निघनार होती." बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, "पुस्तक इंग्रजी हाय. लोकायनं आयकलं ते मराठी हाय." मग उठून म्हशींना पाणी पाजायला गेले. त्या दिवशी मी पुस्तक उघडलं नाही आणि गोठ्यातून हाकही आली नाही. ती हाक न येणं मला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आले. आत्याबाई आणि त्यांचे भाऊ, म्हणजे प्रभाकरचे वडील. ते टोपी मांडीवर ठेवून बसले ते शेवटपर्यंत जवळजवळ गप्पच. आत्याबाई उंच, काटक, हिरवं नऊवारी. नेहमी पाहुणे येताना वर्ध्याहून गोरसपाकाच्या बिस्किटांची पुडी आणतात. आज हात रिकामे होते आणि ते मायनं दारातच पाहिलं. सतरंजीवर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "भाऊ, आमी भांडाले नाई आलो. पोराची माय नाई. उद्या मांडवातून पोट्टी निघून गेली तं त्याले कोनाच्या पदराले तोंड पुस मनाचं?" बाबूजी खाली पाहत होते. मला आठवतं, त्यांच्या पायाच्या अंगठ्याला सुकलेला चिखल होता आणि ते तो दुसऱ्या अंगठ्याने काढत होते.

मी पुढे झालो. वही, पुस्तक, गाईड, सगळं समोर मांडलं. हे नाटक आहे, चारशे वर्षांपूर्वीचं आहे, परीक्षेला आहे, मी त्याचं आपल्या बोलीत करून वाचतो. एवढं मी एका दमात सांगितलं. आत्याबाईंनी वही हातात घेतली, उलटसुलट पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं. "अक्षर तुह्यं?" "हो." "मंग आवाज पोट्टीचा कसा?"

आता इथे मला खरं सांगायला काय झालं होतं? काही नाही. पण बाबूजी शेजारी होते, पुस्तक ताईच्या हाती मी दिलं होतं, आणि मी तोंड उघडलं तर बाहेर आलं, "आवाज माह्याच होता. मी बाईचा आवाज काढतो."  आत्याबाई म्हणाल्या, "काढ मंग."

मी काढला. गळा आवळून, मान वाकडी करून मी म्हटलं, "आता थांबाचं नाई, पहाटे भावाचे कपडे घालतो..." 'कपडे'वर आवाज फाटला. गोठ्यातल्या म्हशीनं उत्तर दिलं. प्रभाकरच्या वडिलांनी टोपी उचलून तोंडासमोर धरली. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या म्हणाल्या, "हा आवाज आयकून कोनी वर्ध्यापर्यंत खबर नेली असती तं वैद्य धाडा म्हणून नेली असती. उठ दादा, चाल. यायचं घर खोटं बोलते." आणि त्या गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या.

तेव्हा ताई बाहेर आली. हातात चहाचं ताट होतं. ते तिनं सतरंजीवर ठेवलं, पदर नीट केला आणि बाबूजींकडे न पाहता म्हणाली, "आवाज माह्या होता आत्याबाई. मीच वाचत होती." आणि उभ्यानेच, वही न घेता, ते सगळं बोलून दाखवलं. तोच ठसका. 'मी याले हो म्हटलंच नाई' या वाक्याला बाबूजींचा पायाचा अंगठा थांबला. सासरच्या माणसांपुढे नवरी इतकं बोलली, हे आंजीत तोपर्यंत कोणी पाहिलं नसावं. माय आतून काहीतरी पुटपुटली आणि या वेळी ते बाबूजींनाही ऐकू गेलं.

आत्याबाई अर्धवट उठलेल्या तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "अन् मंग? गेली कुठं ते?"

"ज्याच्यासंगं लगन ठरलं त्याच्याच घरी. नोकर बनून."

"बाप्पा! अन् त्यानं वयखलं नाई?"

"नाई वयखलं. लोकाईले माहीत हाय, त्याले एकट्याले माहीत नाई." ताईनं माझ्याकडे पाहिलं. "याले ड्रॅमॅटिक आयरनी म्हणते."

आत्याबाई पुन्हा बसल्या. "सांग," त्या म्हणाल्या.

ताईनं सांगितलं. तिसरा अंक, चौथा अंक. दारुडा आचारी येतो, गिरणीवाला बाप मुलीला शोधत येतो आणि तिलाच विचारतो की अशी अशी पोरगी पाहिली का, आणि ती म्हणते, पाहिली, मोठी जिद्दी दिसली. आत्याबाई मध्ये मध्ये विचारत होत्या. नोकर म्हणून ती कुठे निजायची? जेवायला काय द्यायचे? त्या माणसाचा स्वभाव खरंच बरा होता की दाखवायचा? या प्रश्नांतले अर्धे प्रभाकरच्या घराविषयीचे होते असं मला आज वाटतं. पहिला चहा निवला, मायनं दुसरा टाकला. मी मात्र हसू शकत नव्हतो. गोष्ट संपली की त्या उठणार होत्या, आणि उठताना काय बोलणार ते कोणालाच कळत नव्हतं. बाबूजींनी एकदाही मान वर केली नव्हती.

पाचवा अंक आला. ती वेष उतरवते, नवऱ्यापुढे उभी राहते, बाप येतो, सगळ्यांचा समेट होतो. मूळ नाटकात यानंतर सगळे पुरुष बोलतात. नवरा बोलतो, बाप बोलतो, आचारी सुद्धा चार ओळी बोलून घेतो. तिला एक अक्षर नाही. सरांनी त्यावर एक मुद्दासुद्धा सांगितला होता, नायिकेचं मौन, पाच गुणांसाठी. ताईनं ताटातला कप सरळ केला आणि म्हणाली, "तवा ते म्हणते, मी तुमच्या घरी येतो, पन लगन झाल्यावर मले शाळा शिकू द्याचं. अर्धी राह्यली हाय माही. तो म्हणते, शीक. मंग लगन होते. संपलं."

 असं काही मूळ नाटकात नव्हतं. मी ते पान इतक्या वेळा वाचलं होतं की कुठे शाईचा डाग आहे तेही सांगितलं असतं. आत्याबाई ताईकडे पाहत होत्या. मग हळूहळू त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "काऊन रे, असं लिवलं हाय त्या पुस्तकात?"

मी कप उचलला. बाबूजींनी आता मान वर केली होती आणि तेही माझ्याकडेच पाहत होते. त्यांना वाचता येत नव्हतं इंग्रजी, पण मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात हे त्यांना चांगलं वाचता यायचं. एकदा पकडला गेलो होतो, अर्ध्या तासापूर्वीच. नाही म्हटलं तर ताई खोटी पडते. हो म्हटलं आणि उद्या प्रभाकरनं कुणा प्राध्यापकाला विचारलं तर दोघंही पडतो. मी चहा प्यायलो. अजून प्यायलो. ताई माझ्याकडे पाहत नव्हती. बोलणीच्या दिवशी तिनं पाहिलं होतं, आज नाही. ते मला लागलं असावं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "हो. पाचव्या अंकात. अगदी शेवटी."

"तो शीक म्हणते, हेबी लिवलं हाय?"

"हो. तेबी."

आत्याबाईंनी कप ताटात ठेवला. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "पाह्य दादा. इंग्रजाच्या पोरी लगनाच्या आंधी इचारून घेत. चारशे वर्सं झाले." वडिलांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि त्या दिवशीचं त्यांचं एकमेव वाक्य बोलले, "प्रभाकर 'नाई' मननार नाई." आत्याबाई उठल्या. बाबूजींना म्हणाल्या, "भाऊ, साक्षगंध ठरल्या दिवशी. पोट्टी खोटं बोलत नाई. पोट्टं बोलते. त्याले मांडवात बोलू देजा नका." जाताना दारात थांबून कुडाकडे तोंड करून त्या मोठ्याने म्हणाल्या, "अन् तुमीबी येजा वं बाई साक्षगंधाले!" तुराट्या हलल्या.

ते गेल्यावर बाबूजी म्हशींकडे गेले.  दुसऱ्या दिवशी वावरात निघताना म्हणाले, "कुसुम, ते मराठी जरा हळू वाचत जा." ताईनं पिपरी मेघेहून सतरा नंबरचा फॉर्म भरला, बारावी झाली, पुढे पोरं झाल्यावर बी.ए.सुद्धा. मी माझ्या परीक्षेत नायिकेवरच्या प्रश्नात तिनं लग्नाआधी शिक्षणाची अट घातल्याचं सविस्तर लिहून आलो, कारण तोपर्यंत मला खरं कोणतं ते आठवेनासं झालं होतं. सरांनी नंतर विचारलं, "तू नेमकी कोणती आवृत्ती वाचलीस?" मी म्हटलं, घरची.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी परवा ते बायकोला, मंगलाला, वाचून दाखवलं. मोठ्याने, बाबूजींच्या सवयीने. ती आत्याबाईंची धाकटी मुलगी, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. गेली पंचवीस वर्षं मी ही गोष्ट सोयऱ्यांत सांगतो आणि शेवटी नेहमी म्हणतो की त्या दिवशी छपरीत एवढी माणसं होती, पण पाचव्या अंकात काय आहे ते फक्त ताईला आणि मला माहीत होतं. याही वेळी तसंच म्हटलं. मंगला मेथी निवडत होती. तिनं काडी बाजूला टाकली आणि म्हणाली:

"तुमाले दोघायलेच माहीत होतं म्हणता? माही माय त्या दिवशी घरी आली, लुगडंबी नाई बदललं, अन् मले म्हणे, 'शेवटचं ते पोट्टीनं आपल्या मनचं जोडलं. साऱ्या नाटकात तिचा आवाज नाई कापला, तेवढ्याच बोलाले कापला. मले पुस्तकाचं काय करनं हाय? भाऊ तिच्या संगं उभा राह्यते का नाई, तेवढं पाहाले मी इचारलं.' अन् मंग म्हणे, 'राह्यला उभा. पन अर्धा कप चहा पेऊन राह्यला.' तुमच्या स्थळाची गोठ निघाली तवाबी तिनं हेच सांगतलं मले. आता एवढं सारं लिवलं तुमी, तं तेबी लिवून टाका ना. एक 'हो' म्हणाले एवढा वेळ काऊन लागला होता?"